रिठीपासून सुरुवात : विदर्भातील आपल्या गावाचा इतिहास ऑनलाइन कसा शोधावा

आमच्या वैनगंगेकाठच्या भागात शिवेला एखादी रिठी, म्हणजे उठून गेलेल्या गावाची ओसाड जागा, लागून नाही, असे गाव क्वचितच सापडेल. चिंचेची दोन-चार जुनी झाडे, मातीने बुजलेली विहीर, नांगराच्या फाळाला लागून वर येणारी खापरे आणि शेंदूर फासलेला एखादा दगड एवढेच तेथे उरलेले असते. परंतु महसुली दप्तरात त्या मौजाचे नाव अजून चालू असते आणि त्या शेताच्या सातबाऱ्यावर गावाच्या नावापुढे कंसात 'रिठी' असे लिहून येते. हे गाव केव्हा उठले, का उठले आणि माणसे कोठे गेली असे विचारले, तर जुनी माणसे "पटकी (कॉलरा) आली होती म्हणतात" एवढे सांगून थांबतात. त्यांच्या आजोबांनीही त्यांना तेवढेच सांगितलेले असते.

स्थानिक इतिहासाची गोडी बहुतेकांना अशाच एखाद्या प्रश्नाने लागते. पंचवीस वर्षांपूर्वी हा प्रश्न घेऊन नागपूरला जावे लागे, ग्रंथालयात ओळख काढावी लागे आणि हाती लागलेल्या पुस्तकातून वहीत उतरवून घ्यावे लागे. आज त्यातली बरीच पुस्तके, नकाशे आणि कागद घरबसल्या, बहुतांशी विनामूल्य पाहता येतात. अडचण वेगळीच आहे. गावाचे नाव शोधयंत्रात टाकले की हवामान, बाजारभाव आणि कोणीतरी काढलेले व्हिडिओ तेवढे समोर येतात आणि नवा माणूस "आपल्या गावाचे काहीच नाही" असे म्हणून मोबाईल खाली ठेवतो. सामग्री असते, पण ती दुसऱ्या नावाखाली, दुसऱ्या प्रांतात आणि दुसऱ्या भाषेत असते. तेथपर्यंत कसे पोहोचावे, ते पुढे क्रमाने सांगितले आहे. उदाहरण म्हणून शिवेवरची रिठीच घेतली आहे. तुमचा प्रश्न तलावाचा, गढीचा, देवळाचा किंवा बाजाराचा असला तरी वाट फारशी बदलत नाही.

पहिली पायरी : आधी वही, मग मोबाईल

शोधाला बसण्यापूर्वी एका वहीत चार गोष्टी लिहून काढाव्यात. पहिली म्हणजे गावाची सर्व नावे : लोक बोलताना घेतात ते नाव, सातबाऱ्यावरचे नाव आणि म्हातारी माणसे घेतात ते नाव. दुसरी, शिवेला लागून असलेल्या सगळ्या मौजांची नावे. तिसरी, जवळचा नाला, नदी, तलाव, टेकडी आणि देवस्थान. चौथी म्हणजे जुन्या विक्रीपत्रांवर किंवा फेरफारांवर आढळणारे आकडे. आपल्याकडच्या जुन्या कागदांत 'प.ह.नं.' म्हणजे पटवारी हलका नंबर आणि 'बंदोबस्त नंबर' (बंदोबस्त म्हणजे जमीन मोजून सारा ठरवण्याचे सरकारी काम) असे जे लिहिलेले असते, ते बिनमहत्त्वाचे समजून सोडून देऊ नये.

हे आकडे मी आवर्जून का सांगतो, त्याला कारण आहे. खापरी, बोरगाव, पिंपळगाव, सावरगाव ही नावे विदर्भात प्रत्येक जिल्ह्यात, कित्येकदा एकाच तालुक्यात दोनदोन वेळा येतात. मी सुरुवातीच्या काळात दोन महिने एका खापरीची माहिती गोळा केली आणि शेवटी बंदोबस्त नंबर ताडून पाहिला तेव्हा ती तीस किलोमीटरवरची दुसरीच खापरी निघाली. शेजारच्या मौजांची नावे जुळल्याशिवाय कोणतीही नोंद आपल्या गावाची मानायची नाही, हा नियम मी तेव्हापासून पाळतो आणि नव्या माणसाने तो पहिल्या दिवसापासून पाळावा.

दुसरी पायरी : आपला तालुका तेव्हा कोणत्या राज्यात होता

विदर्भातला माणूस ऑनलाइन शोधात सर्वांत जास्त येथेच अडतो, म्हणून या पायरीवर थोडे थांबू. पुणे-साताऱ्याकडच्या अभ्यासकाला 'मुंबई इलाखा' एवढे ठाऊक असले तरी पुष्कळदा काम भागते. आपले तसे नाही. नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला; त्यात नागपूर, भंडारा, चांदा आणि नागपुरातून वेगळा काढलेला वर्धा हे जिल्हे होते. वऱ्हाड मात्र निजामाच्या मालकीचे राहून १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली आले आणि त्या काळच्या इंग्रजी कागदांत ते 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स' या नावाने येते. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले. स्वातंत्र्यानंतर हा सारा मुलूख मध्य प्रदेशात होता, त्या राज्याची राजधानी नागपूर होती आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपले आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. म्हणून १९५१ च्या जनगणनेतले आपले गाव महाराष्ट्राच्या यादीत शोधले तर मिळणार नाही. ते मध्य प्रदेशाच्या यादीत आहे.

जिल्हेही हलले आहेत. १९०५ पर्यंत वऱ्हाडात एलिचपूर, वाशीम आणि वणी असे वेगळे जिल्हे होते. त्या वर्षी एलिचपूर अमरावतीत गेले, वाशीम जिल्हा मोडला आणि वणी जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले. पुसद तालुका तेव्हाच वाशीमकडून यवतमाळकडे आला. सिरोंचाकडच्या वाचकांनी १८७४ पूर्वीचे काही शोधायचे असेल तर 'अप्पर गोदावरी' जिल्हा धुंडाळावा. आणि गडचिरोली १९८२ मध्ये, आजचा वाशीम जिल्हा १९९८ मध्ये व गोंदिया १९९९ मध्ये झाला असल्यामुळे त्यापूर्वीचे सर्व अनुक्रमे चांदा, अकोला आणि भंडारा यांच्या नावाखाली पाहावे लागते.

आता इंग्रजी वर्णलेखन. इंग्रज अधिकाऱ्याने कानाला ऐकू आले तसे लिहिले आणि तेच छापले गेले. यवतमाळ हे वाय, ई, ओ, टी, एम, ए, एल असे लिहिलेले सापडते. अमरावती ए, एम, आर, ए, ओ, टी, आय असे. अचलपूर ई, एल, एल, आय, सी, एच, पी, यू, आर असे. बुलढाण्यात डी नंतरचा एच नसतो आणि चंद्रपूर तर सरळ चांदा म्हणूनच येते. आपल्या गावाच्या नावाची अशी पाच-सहा तऱ्हेची इंग्रजी रूपे वहीत लिहून ठेवावीत. 'व' साठी व्ही आणि डब्ल्यू दोन्ही, 'ई' साठी दोन ई आणि एक आय, शेवटच्या 'गाव' साठी जी-ए-ओ-एन आणि जी-ए-यू-एम, असे सगळे फेर करून पाहावेत. हे काम कंटाळवाणे आहे, पण माझ्या अनुभवात अर्ध्याहून अधिक शोध याच एका गोष्टीने लागतात.

तिसरी पायरी : जिल्ह्याचे गॅझेटियर

नव्या अभ्यासकाने पहिले पुस्तक म्हणून आपल्या जिल्ह्याचे गॅझेटियर, म्हणजेच दर्शनिका, उघडावी. आपल्या बहुतेक जिल्ह्यांची दोन गॅझेटियर आहेत. पहिली पिढी इंग्रजी अमदानीतली : वर्धा १९०६, नागपूर, भंडारा व यवतमाळ १९०८, चांदा १९०९, अकोला व बुलढाणा १९१० आणि अमरावती १९११. दुसरी पिढी महाराष्ट्र शासनाने काढली. नागपूरचे नवे गॅझेटियर १९६६ चे आणि अमरावतीचे १९६८ चे आहे. शासनाच्या दर्शनिका विभागाच्या संकेतस्थळावर ही पुस्तके वाचता येतात आणि जुनी इंग्रजी गॅझेटियर इंटरनेट आर्काइव्हवरही आहेत. त्याही मागे जायचे असेल तर १८७० ची दोन पुस्तके आहेत : चार्ल्स ग्रँटने संपादिलेले मध्य प्रांताचे गॅझेटियर आणि लायलने तयार केलेले वऱ्हाडचे. भोसलेशाहीच्या अखेरच्या काळासाठी रिचर्ड जेंकिन्सचा नागपूर राज्यावरचा १८२७ चा अहवाल आणि चांद्याच्या गोंड राजांसाठी मेजर ल्युसी स्मिथचा १८६९ चा बंदोबस्त अहवाल हे दोन्ही वाचण्यासारखे आहेत.

गॅझेटियर पहिल्या पानापासून वाचू नये, कारण भूगर्भ आणि वनस्पती यांतच माणूस थकतो. आधी शेवटची अकारविल्हे स्थळसूची उघडावी आणि आपले गाव, नसल्यास बाजाराचे किंवा जत्रेचे जवळचे मोठे गाव पाहावे. त्यानंतर दुष्काळाचे प्रकरण आणि जमीनमहसुलाचे प्रकरण वाचावे. रिठीच्या प्रश्नाला उत्तर बहुधा तेथेच मिळते, कारण १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांतात किती हाहाकार माजवला, शेती किती पडीक पडली आणि कोणता भाग ओस पडला, याची हकिकत त्या प्रकरणांतून तपशिलाने दिलेली आहे.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो. ही पुस्तके राज्यकर्त्यांनी राज्य चालवण्यासाठी लिहिलेली आहेत. महसुलाच्या आकड्यांत ती काटेकोर असतात, पण जातीजमातींच्या स्वभावाविषयी त्यांत जी विधाने येतात ती त्या काळच्या साहेबाच्या आणि त्याला माहिती पुरवणाऱ्याच्या पूर्वग्रहांनी भरलेली आहेत. रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जातीजमातींवरचा चार खंडांचा १९१६ चा ग्रंथ प्रोजेक्ट गुटेनबर्गवर मोफत वाचता येतो. त्यात लोककथा, विधी आणि शब्द यांचा मोठा साठा आहे. परंतु पारध्यांसारख्या समाजांना इंग्रजांच्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवले आणि तो शिक्का १९५२ मध्ये कायद्याने पुसला गेला, तरी त्याची झळ आजही त्यांना सोसावी लागते. त्या पुस्तकातले एखाद्या समाजाला गुन्हेगार म्हणणारे वाक्य उचलून गावाच्या व्हॉट्सअॅप गटात टाकणे म्हणजे आपल्याच शेजाऱ्याला इजा करणे आहे, आणि ते कोणीही करू नये.

चौथी पायरी : इंटरनेट आर्काइव्ह, आणि रेंज नसेल तेव्हा

इंटरनेट आर्काइव्ह हे आपल्या कामाचे सर्वांत मोठे भांडार आहे. भारतातील ग्रंथालयांच्या पुस्तकांच्या प्रतिमा तयार करणाऱ्या डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या प्रकल्पातील लाखो पुस्तके तेथे चढवलेली आहेत. त्यांची नावे पुष्कळदा चुकीची नोंदलेली असतात, म्हणून मराठी पुस्तक शोधताना देवनागरीत आणि रोमन लिपीत असे दोन्ही प्रकारे शोधावे. शोधपेटीखाली 'पुस्तकांच्या मजकुरात शोधा' असा पर्याय असतो; तो निवडला की नुसत्या शीर्षकांऐवजी आतल्या पानांत आपल्या गावाचे नाव शोधले जाते. वहीतली ती इंग्रजी रूपे कामाला येतात ती येथे.

आपल्याकडे रेंजची अडचण नेहमीची आहे. प्रतिमांची पीडीएफ फाइल शंभर-दोनशे एमबीची असते आणि संध्याकाळी ती निम्म्यावर अडकते. त्यासाठी आधी त्याच पुस्तकाची 'साधा मजकूर' ही छोटी आवृत्ती उतरवून घ्यावी, तीत गावाचे नाव शोधावे, पान निश्चित करावे आणि मग मूळ प्रतिमेतले तेवढेच पान ऑनलाइन उघडून ताडून पाहावे. साध्या मजकुरात यंत्राच्या वाचनाच्या चुका असतात, तेव्हा त्यातला आकडा कधीही थेट घेऊ नये. इंग्रजी वाचण्याची सवय नसेल तर गूगल लेन्स पानाचा मराठी अनुवाद करून देते. अर्थ कळण्यापुरता तो पुरे आहे, उद्धृत करण्याजोगा नाही.

याच्याच जोडीला केंद्र शासनाचे भारतीय संस्कृती पोर्टल, राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आणि मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचे ग्रंथसंजीवनी ही तीन ठिकाणे पाहावीत. एका ठिकाणी ज्या पुस्तकाची पाने गहाळ किंवा तिरपी असतात, त्याचीच नीट प्रत कित्येकदा दुसऱ्या ठिकाणी मिळते.

पाचवी पायरी : महसुली कागद

माझ्या मते गावाचा खरा इतिहास या कागदांत आहे आणि नवे अभ्यासक नेमके इकडेच वळत नाहीत. राजा, किल्ला आणि लढाई यांच्या पुस्तकांत आपल्या गावाला एखादी ओळ मिळाली तर मिळते; महसुली कागदांत मात्र शेत कसणाऱ्या प्रत्येकाचे नाव असते.

राज्य शासनाच्या महाभूमी संकेतस्थळावरून 'आपले अभिलेख' या सेवेत जाता येते. तेथे नोंदणी करून जिल्हा, तालुका, गाव आणि कागदाचा प्रकार निवडला की जुने सातबारे, फेरफार आणि इतर अभिलेख यांच्या प्रतिमा शोधता येतात व शुल्क भरून प्रत घेता येते. सगळ्या गावांचे सगळे कागद तेथे मिळतीलच असे नाही; न मिळाल्यास तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करून नक्कल मागता येते. यासाठी लागणारे जुने शब्द आधी ओळखीचे असावेत. पूर्व विदर्भात मालगुजारी होती, म्हणजे सरकार आणि शेतकरी यांच्यामध्ये मालगुजार होता. ही पद्धत १९५१ मध्ये कायद्याने संपली. तेथे 'मिसल बंदोबस्त', 'अधिकार अभिलेख' आणि 'खसरा' (शेतवार नोंदींची यादी) असे कागद मागावे लागतात. वऱ्हाडात रयतवारी होती, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारला भरत असे; तेथे देशमुख, देशपांडे, पटेल आणि पटवारी यांचे कागद महत्त्वाचे ठरतात.

दोन कागदांचा उल्लेख मुद्दाम करतो. निस्तार पत्रकात गावकऱ्यांना जळाऊ लाकूड, चराई, माती, दगड कोठून आणि कसे घेता येईल याची नोंद असते, तर वाजिब-उल-अर्जमध्ये रस्ते, पाणी, मासेमारी अशा बाबतींतला गावाचा रिवाज लिहिलेला असतो. झाडीपट्टीतल्या तलावांच्या गावांत तर हे कागद म्हणजे खजिनाच आहेत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, गोंड राजांच्या काळापासून बांधले गेले आणि ते बांधण्यात कोहळी समाजाचा हात मोठा होता. तलावाचे पाणी कोणाच्या बांधीला (धानाच्या शेताला) आधी जायचे, पाळ कोणी दुरुस्त करायची, तुडुम (पाणी सोडण्याचे तोंड) कोणी उघडायचे, मासे कोणी धरायचे, हे सारे रिवाजाने ठरलेले असे. वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्काचा दावा करताना काही गावांनी निस्तार पत्रक पुरावा म्हणून पुढे ठेवले आहे. जुना कागद आजच्या जगण्याला असा उपयोगी पडतो, हे पाहून गावातल्या तरुणांना या कामाची ओढ लागल्याचे मी पाहिले आहे.

रिठीच्या बाबतीत बंदोबस्ताच्या कागदात एकच गोष्ट पाहावी : शेत कसणाऱ्याच्या नावासमोर त्याचे राहण्याचे गाव कोणते लिहिले आहे. आमच्या शेजारच्या रिठीच्या खसऱ्यात जवळजवळ प्रत्येक नावापुढे शेजारच्याच मौजाचे नाव होते. म्हणजे बंदोबस्ताच्या वेळी गाव उठून गेलेले होते, शेते मात्र कसली जात होती. "पटकी आली" याला पुरावा मिळाला नाही, पण 'केव्हाच्या आधी' याला मिळाला, आणि तेवढ्यानेही पुढचा शोध पुष्कळ सोपा झाला.

सहावी पायरी : जनगणना आणि नकाशे

जनगणना विभागाच्या संकेतस्थळावर जुन्या जनगणनांच्या जिल्हा पुस्तिका उतरवून घेता येतात. त्यांत गावनिहाय लोकसंख्या, क्षेत्रफळ, घरे आणि नंतरच्या पुस्तिकांत शाळा, पाणी व रस्त्याची सोय दिलेली असते. रिठी असेल तर नावासमोर 'निर्जन' अशा अर्थाची नोंद आढळते. १९६१ च्या जनगणनेबरोबर महाराष्ट्रातील जत्रा आणि उत्सव यांचा एक स्वतंत्र खंड निघाला आहे. गावची जत्रा कोणत्या तिथीला भरे आणि किती माणसे येत, हे पाहण्यासाठी तो फार उपयोगी आहे.

नकाशांसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावरून १:५०,००० प्रमाणाचे नकाशे नोंदणी करून मोफत घेता येतात. विदर्भाचा बहुतेक भाग ५५ क्रमांकाच्या चौकटीत येतो, दक्षिणेकडचा ५६ मध्ये आणि पूर्वेकडचा ६४ व ६५ मध्ये; नागपूर शहर ५५ ओ/४ या पत्रकावर आहे. त्याहून जुना पट हवा असेल तर अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या पेरी-कास्तान्येदा ग्रंथालयाने भारताचे १:२,५०,००० प्रमाणाचे जुने लष्करी नकाशे सर्वांसाठी खुले ठेवले आहेत. गोसीखुर्दसारख्या धरणांच्या पाण्याखाली गेलेली गावे आणि बुजलेले रस्ते शोधताना हे नकाशे समोर हवेतच. जुना नकाशा आणि गूगल अर्थ किंवा इस्रोचे भुवन शेजारी-शेजारी उघडावे, नाल्याचे वळण आणि टेकडी जुळवावी आणि मग प्रत्यक्ष शिवारात जाऊन पाहावे. उन्हाळ्यात, पिके निघाल्यावर, पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेची, माती आजूबाजूच्या काळ्या शिवारात उठून दिसते.

सातवी पायरी : ताम्रपट, शिलालेख आणि उत्खनने

हा भाग अवघड वाटतो म्हणून नवे लोक टाळतात. एक उदाहरण घेऊ. अचलपूरजवळ चमक नावाचे गाव आहे. तेथे सापडलेला वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट फ्लीट याने १८८८ मध्ये गुप्तकालीन लेखांच्या संग्रहात छापला. त्यात मधुनदीच्या काठचे, भोजकट राज्यातले चर्मांक नावाचे गाव एक हजार ब्राह्मणांना दान दिल्याचे लिहिले आहे. चर्मांकाचे चमक झाले. पंधराशे वर्षे गाव आपल्या नावासह त्याच जागी नांदते आहे. हे पुस्तक इंटरनेट आर्काइव्हवर आहे आणि त्यातला तो लेख, त्याचा इंग्रजी अनुवाद व पट्ट्यांचे ठसे घरी बसून पाहता येतात.

अशा लेखांसाठी तीन पुस्तके हाताशी ठेवावीत. रायबहादूर हिरालाल यांची मध्य प्रांत व वऱ्हाडातील कोरीव लेखांची सूची जिल्हावार आहे, त्यामुळे आपल्या तालुक्यात काय सापडले ते तासाभरात कळते. हेन्री कझेन्सची १८९७ ची पुरातन अवशेषांची यादी देवळे, लेणी आणि गढ्या यांसाठी पाहावी. आणि नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी १९६३ मध्ये वाकाटकांचे सर्व लेख एका खंडात संपादित केले. आपल्या भूमीवरचे यापेक्षा कसून केलेले काम मला ठाऊक नाही. पवनी, कौंडिण्यपूर, माहुरझरी, नायकुंड येथील उत्खननांचे संक्षिप्त वृत्तांत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या १९५३-५४ पासून निघणाऱ्या वार्षिक आढाव्यात आहेत आणि तेही ऑनलाइन मिळतात.

रिठीवर किंवा शिळावर्तुळांच्या (प्राचीन दफनांभोवती मांडलेल्या दगडांच्या वर्तुळांच्या) जागी स्वतः खणू नये. शेतात नाणी, मूर्ती किंवा ताम्रपट सापडल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. वस्तू जागची हलली की तिच्याबरोबरची अर्धी माहिती कायमची जाते. जागेवरच, शेजारी मोजपट्टी ठेवून, छायाचित्र घ्यावे आणि दगडावरचा शेंदूर खरवडण्याच्या फंदात पडू नये.

आठवी पायरी : चळवळींचे कागद

आपले गाव स्वातंत्र्यलढ्यात होते का, हा प्रश्न शाळेतली मुले दरवर्षी विचारतात. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर मोफत नोंदणी केली की सरकारी फाइलींची सूची शोधता येते आणि अनेक फाइली पानोपानी वाचता येतात. लोकनायक अणे यांनी १० जुलै १९३० रोजी पुसदजवळ केलेला जंगल सत्याग्रह आणि १६ ऑगस्ट १९४२ चे चिमूर व आष्टी येथील उठाव यांविषयी शोधताना वर्ष, जिल्हा आणि 'होम पोलिटिकल' हा खात्याचा शब्द एकत्र टाकावा. वर्ध्याकडच्या वाचकांना गांधी हेरिटेज पोर्टल सोडून चालणार नाही. गांधीजी १९३६ पासून सेवाग्रामला राहिले आणि त्या पोर्टलवरील त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या शंभर इंग्रजी खंडांत वर्ध्याच्या आसपासच्या गावांचे, माणसांचे आणि कामांचे उल्लेख येतात.

नववी पायरी : मराठी साधने, मोडी आणि सन

मराठी विश्वकोशाचे सर्व खंड आणि डॉ. केतकरांचा ज्ञानकोश ऑनलाइन आहेत, तसेच महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तके मोफत उतरवता येतात. जुना शब्द अडला तर शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीत मोल्सवर्थचा १८५७ चा कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश शोधता येतात. वऱ्हाडी आणि नागपुरी बोलीची शंभर वर्षांपूर्वीची रूपे ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात, १९०५ मध्ये, छापलेली आहेत.

घरातल्या पेटीत मोडी कागद असतील तर लिपी शिकून घ्यावी. यूट्यूबवर मोफत वर्ग आहेत, आणि रोज अर्धा तास दिला तर तीन-चार महिन्यांत छापील मोडी वाचता येते. हाताने लिहिलेल्या घसटीसाठी जास्त वेळ लागतो. जुन्या कागदावरचा सन बदलताना शकात ७८, फसली सनात ५९० आणि शुहूर सनात ५९९ मिळवावेत व महिन्याप्रमाणे एका वर्षाचा फरक धरावा.

दहावी पायरी : नोंद, पडताळा आणि परतफेड

सापडलेल्या प्रत्येक गोष्टीपुढे पुस्तकाचे नाव, वर्ष, पान, संकेतस्थळ आणि पाहिल्याची तारीख लिहावी. नुसता स्क्रीनशॉट ठेवला तर सहा महिन्यांनी तो कोणत्या पुस्तकाचा होता हे आठवत नाही. मजकूर विकिपीडियावर मिळाला तर तळटिपेतून मूळ साधनापर्यंत जावे, आणि तळटीप नसेल तर तो मजकूर फक्त सुगावा समजावा. गावात सांगितली जाणारी दंतकथाही लिहून घ्यावी, पण तिच्यापुढे 'ऐकीव' असे स्पष्ट लिहावे. म्हाताऱ्या माणसांचे बोलणे त्यांना विचारून मोबाईलवर ध्वनिमुद्रित करावे, ऋतू, पीक, पूर, साथ यांच्या खुणांवरून वर्ष काढावे आणि ते बोलणे त्यांच्या शब्दांत, त्यांच्याच बोलीत उतरवून घ्यावे. हे काम मात्र पुढच्या वर्षावर टाकू नये. यंदा पारावर बसणारी आजी पुढच्या पोळ्याला असेलच असे नाही.

ऑनलाइन जे नाही त्यासाठी प्रवास करावाच लागतो. राज्य पुराभिलेखागाराची नागपूर शाखा, १८६३ मध्ये स्थापन झालेले नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, ज्याला आपण अजब बंगला म्हणतो, विदर्भ संशोधन मंडळ आणि यवतमाळचे शारदाश्रम येथे जाताना घरी केलेली तयारी, नोंदवलेले क्रमांक आणि नेमका प्रश्न बरोबर असेल, तर एका दिवसात आठवड्याचे काम होते.

शेवटी, गोळा केलेले साहित्य आपल्या मोबाईलमध्येच पडून राहू देऊ नये. देवळाची, वीरगळांची, तलावाच्या पाळीची स्वतः काढलेली छायाचित्रे विकिमीडिया कॉमन्सवर मुक्त परवान्याखाली, गाव, तालुका आणि जिल्हा यांच्या नावासह चढवावीत. स्वामित्वहक्क संपलेले एखादे दुर्मीळ मराठी पुस्तक घरी असेल तर विकिस्रोतावर देता येते. सातबारे आणि फेरफार यांच्या प्रतिमा मात्र लोकांच्या जमिनीशी आणि भाऊबंदकीच्या वादांशी जोडलेल्या असतात, त्या कोठेही टाकू नयेत. सगळ्या नोंदींची एक छापील प्रत, साधनांच्या नावांसकट, गावच्या जिल्हा परिषद शाळेत आणि एक ग्रामपंचायतीत ठेवावी, आणि तिच्या मागे पाच-सहा कोरी पाने जोडावीत, म्हणजे रिठीची आणखी एखादी खूण ज्याला सापडेल त्याला ती तारखेनिशी तेथेच लिहून ठेवता येईल.